कासवाच्या पेटीसाठी कोकोपीटची वीट: ठाण्याच्या हवेत कितपत उपयोगी?

कासवाच्या पेटीत काय अंथरावे याविषयी जी माहिती सहज हाती लागते, ती बहुतांशी थंड देशांतील लोकांनी स्वतःच्या घरांसाठी लिहिलेली असते. त्यांच्या खोल्या हिवाळाभर तापवलेल्या आणि म्हणून कोरड्या असतात, त्यामुळे बेडिंग ओल किती धरून ठेवते यावरच त्यांची सगळी पसंती ठरते. ठाण्यात जून ते सप्टेंबर या काळात प्रश्न नेमका उलटा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि अशा हवेत पेटीतील थर ओल किती धरतो यापेक्षा ती किती लवकर सोडतो हे पाहावे लागते. रोपवाटिकांत मिळणाऱ्या ५ किलोच्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या दाबलेल्या भुशाच्या, विटेचे हे परीक्षण मी त्याच दृष्टीने लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: पावसाळा सोडून उरलेल्या वर्षात, मिळेल त्या किमतीला, याहून चांगले बेडिंग मला सापडलेले नाही, पावसाळ्यात मात्र ते एकटे वापरू नये.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे परीक्षण तारा कासवासाठी, म्हणजे पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असणाऱ्या आपल्याकडच्या स्टार कासवासाठी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते घरात ठेवणे हा गुन्हा आहे. शुभ मानून कोणी ते भेट दिले असेल, तर त्याच्यासाठी बेडिंग शोधण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. आफ्रिकेतील सल्काटा किंवा दक्षिण अमेरिकेतील लाल पायांचे कासव यांसारख्या परदेशी जाती पाळणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. काचेच्या भांड्यात विकली जाणारी लाल कानपट्टीची छोटी कासवे तर पाण्यात राहणारी आहेत, त्यांना कोरड्या बेडिंगची पेटी मुळीच चालत नाही.

आमच्या घरी आहे तो सल्काटा, अजून वाढीच्या वयातला. ही जात सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातील आहे, आणि ‘वाळवंटाकडचा प्राणी’ एवढेच ऐकून अनेक जण त्याच्या पेटीत वाळू भरतात. प्राण्यांच्या दुकानांतही बहुधा हाच सल्ला मिळतो. प्रत्यक्षात हे कासव तेथील उन्हात दिवसभर बसून राहत नाही. ते खोल बीळ खणते आणि कडक उन्हाचे तास त्या बिळात काढते, जेथील माती थंड आणि हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ दमट असते. ऑस्ट्रियातील वीस्नर आणि ईबेन या संशोधकांनी सल्काटाच्या ५० पिल्लांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीच्या कवचावर जे उंचवटे येतात, ज्यांना पाळणारे लोक ‘पिरॅमिडिंग’ म्हणतात, ते जास्त प्रथिने खाल्ल्याने येतात अशी तोवरची समजूत होती. या अभ्यासात प्रथिनांचा परिणाम अगदी थोडा आढळला. कोरड्या हवेत वाढवलेल्या पिल्लांचे कवच मात्र दमट हवेतल्या पिल्लांच्या कवचापेक्षा स्पष्टपणे उंचसखल झाले. बेडिंगची निवड ही पेटीच्या शोभेची बाब नाही, ती या प्राण्याच्या आयुष्यभराच्या हाडांची बाब आहे, असे मी म्हणते ते यामुळे. एकदा आलेले उंचवटे पुढे सपाट होत नाहीत.

तेव्हा पेटीतील थराकडून चार अपेक्षा आहेत. त्यात कासवाला अंग पुरून घेता आले पाहिजे. वरचा भाग जवळजवळ कोरडा आणि खालचा ओलसर राहिला पाहिजे. घासासोबत चार कण पोटात गेले तर ते निघून गेले पाहिजेत. आणि आपल्या हवेत त्याला कुबट वास येता कामा नये. पहिल्या तीन अपेक्षा कोकोपीट उत्तम पुऱ्या करते. चौथीवर ते जुलैत अडते.

खरेदीचा हिशेब सोपा आहे. ४ फूट लांब आणि २ फूट रुंद पेटीत १० सेंटीमीटर जाडीचा थर द्यायचा, तर सुमारे ७२ लिटर भुसा लागतो. ५ किलोची वीट पाण्यात पूर्ण फुलली की साधारण ७० ते ७५ लिटर होते, म्हणजे एका पेटीला एक वीट नेमकी पुरते. घोडबंदर रस्त्याकडच्या रोपवाटिकांत ती मला साधारण २५० ते ३५० रुपयांत मिळते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून बाहेरून आयात होणारी झू मेड कंपनीची ‘इको अर्थ’ किंवा एक्झो टेरा कंपनीची ‘प्लांटेशन सॉइल’ हीदेखील नारळाच्या सोडणापासूनच केलेली असतात. त्यांचा दर्जा चांगला असतो, भुसा एकसारखा आणि स्वच्छ असतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांच्या ६५० ग्रॅमच्या विटेतून जेमतेम ७-८ लिटर भुसा होतो आणि तीच पेटी भरायला अशा नऊ-दहा विटा लागतात. पिल्लाच्या छोट्या टोपलीसाठी तो खर्च परवडेल, पुढे ४०-५० किलोचे होणाऱ्या प्राण्यासाठी परवडणार नाही. (ठाण्यातील दोन खोल्यांच्या घरात सल्काटा आणण्याचा विचार असलेल्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा, अशी मनापासून विनंती आहे.)

रोपवाटिकेतील विटेचा खरा दोष क्षाराचा आहे. सोडणे अनेक ठिकाणी खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात भिजत ठेवून त्यांचा काथ्या काढतात आणि उरलेल्या भुशात ते क्षार राहून जातात. चांगला माल गोड्या पाण्याने धुतलेला असतो, पण वेष्टनावर तसे लिहिलेले असतेच असे नाही. झाडांसाठी विकत घेणाऱ्याला याचा थोडा त्रास होतो. जो प्राणी चोवीस तास त्याच थरावर पोट टेकून राहतो आणि अधूनमधून त्याचे कण गिळतो, त्याच्यासाठी न धुतलेला भुसा वापरणे मला मान्य नाही. घरात आरओचे पाणी असणाऱ्या अनेकांकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे पेन असते, त्याचा येथे चांगला उपयोग होतो. वीट मोठ्या टबात भिजवावी, पाणी जुन्या सुती चादरीतून किंवा मच्छरदाणीच्या कापडातून गाळून काढावे, आणि निथळलेल्या पाण्याचे माप नळाच्या पाण्याच्या मापाजवळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे. बऱ्या विटेला दोन-तीन पाणी पुरतात. काही विटांचे पाणी पाचव्या वेळीही गडद तपकिरी आणि खारटच निघते. त्या दुकानाची वीट पुन्हा घेऊ नये.

खरेदी करताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. रोपवाटिकेत ‘कोकोपीट’ मागितले की पुष्कळदा तयार पॉटिंग मिक्सची पिशवी पुढे केली जाते, आणि तिच्यात गांडूळखत, निंबोळी पेंड, हाडांचे खत आणि पर्लाइटचे पांढरे दाणे असतात. कासव पांढऱ्या दाण्यांना खाद्य समजून वेचते. खत मिसळलेला कोणताही माल, तो ‘सेंद्रिय’ म्हणून विकला जात असला तरी, पेटीत घालू नये. साधी, काही न मिसळलेली, दाबलेली वीटच मागावी आणि ती फोडून आत काथ्याचे लांब धागे किती आहेत ते पाहावे. हे धागे कासवाच्या पायांना आणि नखांना गुंडाळले जातात, आणि दोरा आवळत गेला तर बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. भिजवताना हाताला लागणारे सगळे लांब धागे मी वेचून काढते. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही.

वापरात कोकोपीट कसे वागते, हे ऑक्टोबर ते मेच्या काळात नीट पाहता येते. मुठीत घेऊन दाबले असता गोळा व्हावा, बोटांतून पाणी ठिबकू नये आणि बोटाने टोचताच गोळा फुटावा, एवढी ओल योग्य समजावी. पेटीतील ऊब देणाऱ्या दिव्याखालचा भाग एका दिवसात कोरडा होतो आणि पेटीच्या थंड बाजूला, लपण्याच्या खोपटीखाली, ओल टिकून राहते, त्यामुळे कासव स्वतःला हवी ती जागा निवडते. आमच्याकडील कासव रात्री खोपटीत शिरते आणि अर्धे कवच भुशात पुरून झोपते. वर्तमानपत्रावर ठेवलेले कासव असे कधीच करू शकत नाही. मार्चमधील कोरड्या दुपारी दिवा आणि पंखा मिळून पेटीतील आर्द्रता झपाट्याने उतरवतात, तेव्हा वरून फवारा मारण्याऐवजी पेटीच्या कोपऱ्यांतून तळाशी पाणी ओतावे. पाणी खालून वर चढते, पृष्ठभाग कोरडा राहतो आणि कासवाच्या पोटाखालचे कवच सतत ओल्यात राहत नाही. पूर्ण सुकू दिलेले कोकोपीट मात्र बारीक धूळ होऊन उडते आणि कासवाच्या डोळ्यांत व नाकात जाते. वातानुकूलित खोलीत हे विशेष जाणवते.

भुसा घासाला चिकटतो, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि ती खरी आहे. त्यावर फरशीवाल्याकडून आणलेला कडप्प्याचा एक सपाट तुकडा हा स्वस्त आणि पक्का उपाय आहे. घास त्यावर ठेवावा. दगड दिव्याजवळ ठेवला तर कासव त्यावर बसून ऊब घेते आणि त्याच्या खरखरीत बाजूवर नखेही झिजतात. घास सोडून कासव मुद्दाम भुसाच खाऊ लागले, तर मात्र बेडिंग बदलून भागणार नाही. आहारात कॅल्शियम कमी पडते आहे का, हे सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे. कोकोपीट पोटात साचत नाही असे कोणी सांगितले तरी त्यावर विसंबू नये. वाळू किंवा खडी यांच्या तुलनेत त्याचा धोका कमी आहे, एवढेच म्हणता येते.

आता पावसाळा. जूनच्या मध्यानंतर ठाण्यात ओले झालेले कोकोपीट आपोआप सुकत नाही, त्याच्या पोटात हवा खेळत नाही, आणि तळाशी दाट, काळपट, आंबूस वासाचा थर जमतो. पेटीभोवती चिलटे घोंघावू लागतात, कारण त्यांच्या अळ्यांना असा भुसा फार मानवतो. नवीन भुशावर येणारी पांढरी, विरळ बुरशी फारशी घातक नसते आणि भुसा वरखाली केल्यावर जाते. परंतु आंबूस वास आणि तळाशी साचलेले पाणी यांकडे दुर्लक्ष केले, तर पोटाखालच्या कवचावर मऊ, पांढरट किंवा गुलाबी डाग पडतात, ज्याला कवच कुजणे म्हणतात. डाग दिसताच कासव कोरड्या कापडावर काढून ठेवावे आणि पशुवैद्यांना दाखवावे. घरगुती हळदीच्या लेपावर वेळ घालवू नये. ओल आणि उष्णता एकत्र असतील तर कासव ती सहन करते, पण ओल आणि गारवा एकत्र आले की त्याच्या फुप्फुसांवर बेतते. रात्री एसी चालणाऱ्या खोलीत जुलैतील ओले बेडिंग म्हणूनच सर्वांत वाईट. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेणे ही त्याची लक्षणे होत.

यावर मला उपयोगी पडलेली पद्धत अशी. मे महिन्यात, कडक ऊन असताना, वीट फोडून, धुऊन, वाळवणासारखी गच्चीवर चादरीवर पसरून पूर्ण सुकवावी आणि झाकणाच्या पिंपात भरून ठेवावी. पावसाळ्यात पेटीतील थर बदलायची वेळ आली की हा कोरडा भुसा हाताशी असतो आणि त्यात हवे तेवढेच पाणी मिसळता येते. जुलैत विकत आणलेली वीट धुऊन सरळ पेटीत घालणे म्हणजे चिखल घालणेच होय, कारण ५ किलोची वीट २० लिटरांहून अधिक पाणी पिते आणि त्या हवेत ते पाणी बाहेर पडायला मार्गच नसतो.

दुसरा भाग मिश्रणाचा. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेरासारखे तुकडे रोपवाटिकांत ऑर्किडसाठी ‘कोको चिप्स’ म्हणून मिळतात. जून लागताच मी पेटीतील अर्धा भुसा काढून त्या जागी हे तुकडे घालते. त्यांच्यामुळे थरात पोकळ्या राहतात, हवा फिरते आणि तळ कुजत नाही. शिवाय हे तुकडे इतके मोठे असतात की कासव ते सहसा गिळत नाही. अगदी लहान पिल्लांना मात्र नुसत्या तुकड्यांवर चालता येत नाही आणि खणताही येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वर भुशाचा थर हवाच. दर दोन-तीन दिवसांनी हाताने तळापर्यंत भुसा उलथावा. चिलटे आली तर वरचा दोन बोटे थर कोरड्या भुशाचा ठेवावा. फिनाइल, डांबराच्या गोळ्या किंवा फवारणीचे औषध पेटीच्या जवळपासही आणू नये, आणि सोसायटीत कीटकनाशकाची फवारणी असेल त्या दिवशी कासव दुसऱ्या खोलीत हलवावे. भुशात स्प्रिंगटेल हे सूक्ष्म कीटक सोडण्याची पद्धतही आहे, ते बुरशी खातात आणि आपल्या दमट हवेत चांगले वाढतात.

इतर पर्यायांपैकी वाळूविषयी वर लिहिलेच आहे. ती कोरडी राहिली तर डोळ्यांत जाते, ओली झाली तर दगडासारखी बसते आणि आतड्यात साचली तर शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा फुकट मिळतो, म्हणून त्याचा मोह होतो. त्यात प्लायवूडच्या गोंदाची धूळ मिसळलेली असते, आणि देवदार व पाइन यांच्या भुशातील सुगंधी तेले सरपटणाऱ्या प्राण्यांच्या श्वसनमार्गाला त्रासदायक ठरतात. आजारी कासवासाठी किंवा पशुवैद्यांनी शेण तपासायला सांगितले असेल तेव्हा वर्तमानपत्र उत्तम, कायमसाठी नव्हे. हिरव्या प्लास्टिकच्या गवताची चटई दिसायला नीटनेटकी असते, पण तिचे तंतू उपटून कासव गिळते आणि तिच्यात खणायला काही नसते. ती मी कोणालाच सुचवणार नाही. सशांसाठी मिळणारा, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा चुरा पाणी लागताच फुगतो आणि बुरशी धरतो.

लाल मातीविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण ती आपल्या मातीतील आणि सल्काटाच्या खणण्याच्या सवयीला सर्वांत जवळची आहे. नुसती लाल माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात टणक ढेपा होतात. परंतु दोन वाटे कोकोपीटला एक वाटा चाळलेली, खत न घातलेली लाल माती मिसळली तर थराला वजन येते, धूळ उडत नाही आणि कासवाने खणलेला खड्डा ढासळत नाही. अडचण आहे ती निर्मळ माती मिळण्याची. रोपवाटिकांतील मातीत शेणखत आणि रासायनिक खत बहुधा आधीच मिसळलेले असते, आणि रस्त्याकडेच्या बांधकामाच्या मातीत सिमेंट व काचांचे तुकडे निघतात. गावाकडून, खात्रीच्या जागेवरून, कधी फवारणी न झालेली माती आणता आली तर मोठ्या सल्काटासाठी हे मिश्रण नुसत्या कोकोपीटपेक्षा सरस ठरते. वाळलेले गवत वरून अंथरले तर मोठे कासव ते खातेही, पण जूननंतर ते दोन दिवसांत बुरशी धरते. भाताचा पेंढाही याला अपवाद नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत कोकोपीट सोयीचे आहे. शेण रोज चमच्याने उचलता येते, ओला झालेला भाग तेवढाच काढून नवा घालता येतो, आणि वास नसेल तर संपूर्ण थर तीन-चार महिने चालतो. काढलेला भुसा कुंड्यांत घालता येतो, परंतु कासवांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून तो कोथिंबीर, मेथी, पुदिना यांच्या कुंड्यांत घालू नये. जास्वंद, तगर अशा झाडांना घालावा आणि त्यानंतर साबणाने हात धुवावेत. पेटी लाकडी असेल तर आतून ताडपत्री किंवा जाड पाऊसकागद लावल्याशिवाय ओले कोकोपीट भरू नये, कारण पूर्ण फुललेल्या एका विटेचे पाण्यासह वजन २५ किलोंच्या आसपास जाते आणि साधे प्लाय एका पावसाळ्यात फुगते.

वर्षाचा हिशेब मांडला तर एका मध्यम पेटीला चार विटा आणि पावसाळ्यासाठी चिप्सची एक मोठी पिशवी पुरते. चारपैकी निदान दोन विटा एप्रिलच्या अखेरीस घ्याव्यात, म्हणजे त्या धुऊन सुकवायला मेचे ऊन मिळते. विक्रेत्याने वीट गोड्या पाण्याने धुतलेली आहे असे सांगितले, तरी आधी एकच घरी आणून तिचे पाणी मोजावे आणि मग उरलेल्या घ्याव्यात. उत्पादकांनी हे वेष्टनावरच मराठीत छापले तर झाडे लावणाऱ्यांचाही त्यात फायदा आहे.